सळईवर उभं राहून

दहावीपर्यंत माझं नाशिकच्या अर्ध्याअधिक नव्या वस्त्यांत राहून झालं होतं. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, मग आडगाव. नुसती नावं घेतली तर ऐकणाऱ्याला वाटतं, चांगलं घर होतं वाटतं यांचं. प्रत्येक ठिकाणी बिल्डिंग अर्धवट असायची आणि आम्ही तिच्या पार्किंगमध्ये, सिमेंटच्या गोण्यांशेजारी, नुसत्या विटा रचून केलेल्या खोलीत. वर पत्रा. वडील वॉचमन होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. आई त्याच साइटवर भिंतींना पाणी मारायची आणि घमेली उचलायची. बिल्डिंगला रंग लागायला लागला की आई भांडी बांधायला घ्यायची. रंग लागला म्हणजे माणसं राहायला येणार, आणि माणसं आली म्हणजे आम्ही निघणार.

माझ्या सहा शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत पत्ता विचारला की मी बिल्डिंगचं नाव सांगायचे. नावाचा बोर्ड तोपर्यंत लागलेला असायचा, त्यामुळे खोटं काही नव्हतं.

नाना मुळात वॉचमन नव्हते. पेठ रोडच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भात आणि नागली झाली की उरलेलं वर्ष मजुरीचं. नाना तरुणपणी शहरात उतरले आणि सेंटरिंग शिकले. स्लॅब ओतायच्या आधी खालून जो लाकडाचा आणि लोखंडी प्लेटांचा साचा उभा करतात, त्याला साइटवर सेंटरिंग म्हणतात. वर काँक्रीट घट्ट झालं की साचा उतरवायचा आणि टेकू काढायचे. आई सांगते, नानांच्या हाताखाली सात माणसं होती आणि नाना टेकूला हात लावून सांगायचे की यावर किती वजन आलंय.

मी चार वर्षांची असताना एका साइटवर नाना बाल्कनीचे टेकू काढत होते. शेवटचा टेकू निघाला आणि बाल्कनी खाली आली. नाना आतल्या बाजूला उभे होते म्हणून वाचले. उजवा पाय घोट्यात गेला. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही.

ठेकेदार म्हणाला, घाई केली. दिवस भरायच्या आत खोललं.

नाना म्हणाले, चौदा दिवस भरले होते. ते रोज सकाळी कोळशाने खांबावर एक रेघ मारायचे, तशा चौदा रेघा मारल्या होत्या. पण त्या खांबाला पुढे गिलावा झाला, आणि नाना तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर होते. बाल्कनीचा राडारोडा उचलला, बाल्कनी नवी झाली, लोक राहायला आले. नानांना मात्र त्यानंतर सेंटरिंगचं काम कोणी दिलं नाही. पाय अधू झाला हे एक कारण होतंच. दुसरं कारण लोक तोंडावर बोलायचे नाहीत. एका लग्नात माझ्या आत्याच्या नवऱ्याने पंगतीत ओळख करून दिली, “हे आमचे मेव्हणे. जरा घाईत असतात.” पंगत हसली. नाना जेवत राहिले.

याहून वाईट पुढे घडलं. नानांना स्वतःलाच शंका यायला लागली. “चौदाच मोजल्या का मी? का बारा?” असं ते आईला विचारायचे. आई म्हणायची, “चौदा.” आई तिथे नव्हती, तरी चौदा म्हणायची.

या सगळ्यात एक गोष्ट होती जिचा मला पुष्कळ वर्षं अर्थ लागला नाही. ज्या ज्या बिल्डिंगवर नाना वॉचमन होते, तिथे स्लॅबचं लोखंड बांधून झालं की संध्याकाळी, फिटर लोक हातपाय धुवून गेल्यावर, नाना लंगडत वर जायचे. मी मागे मागे जायचे. ते सरळ बाल्कनीकडे जायचे आणि बांधलेल्या सळयांवर उभे राहायचे. एक पाय, मग दुसरा. मग पुढची बाल्कनी. मी विचारलं की म्हणायचे, “पाय मोकळा करतोय.” मला ते पटायचं. अधू पायाला व्यायाम लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

आणि आमच्या खाटेखाली सळईच्या तुकड्यांचा ढीग असायचा. वीतभर, दीड वीत, वाकडेतिकडे. एकदा सुपरवायझरने तो पाहिला आणि आईसमोर नानांना म्हणाला, “काय रे, भंगारवाल्याशी सोयरीक जमवलीस का?” नानांनी तुकडे उचलून साइटच्या ढिगात नेऊन टाकले. चार दिवसांत खाटेखाली नवे तुकडे आले. मला त्या वयात त्या तुकड्यांची फार लाज वाटायची. वडील थोडंसं चोरतात, अशी मी मनाशी समजूत करून घेतली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

मी आधी डिप्लोमा केला, मग सिव्हिलची डिग्री. आमच्या घरात, आणि दोन्हीकडच्या भावकीत मिळून, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगत राहणार. शिकलेल्या घरातल्या लोकांना याचं काय एवढं, असं वाटतं. त्यांना वाटू दे.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला एक धडा होता. भिंतीतून बाहेर आलेल्या आणि पुढे खांब नसलेल्या बाल्कनीचा. फळ्यावर सरांनी दाखवलं की अशी बाल्कनी वाकते तेव्हा तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळया वरच्या अंगाला लागतात. खालच्या अंगाला असल्या तर असून नसल्यासारख्या. नुसतं काँक्रीट ताण सहन करत नाही. टेकू असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. टेकू काढला की कळतं.

वर्गात मला बसवेना. घरी आले. आई भाकरी करत होती. मी एक भाकरी घेतली, परातीच्या काठावर अर्धी आत, अर्धी बाहेर धरली, बाहेरचा भाग हाताने दाबला. भाकरी वरून तडकली.

“नाना, बघा. भेग कुठून गेली?”

“वरून.”

“तशीच बाल्कनी जाते. वरचं लोखंड खाली बसलं असेल तर ती कितीही दिवसांनी खोला, येणारच. चौदा दिवसांनी नाही तर चाळीस दिवसांनी. तुमची घाई झाली नव्हती.”

नाना भाकरीकडे बघत राहिले. मग ती उचलून त्यांनी दुधात कुस्करली.

“पुस्तकात असंल,” म्हणाले. “पन तिथं तू नव्हतीस. पुस्तकबी नव्हतं.”

मला राग आला होता. आता वाटतं, ते बरोबर बोलले. त्या बाल्कनीत लोखंड कुठे होतं हे सांगायला काहीच उरलेलं नव्हतं. काँक्रीट ओतलं की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि ज्याच्या हातात शेवटचा टेकू असतो त्याच्यावर सगळं येतं. मला शिकून मोठ्या पुलांची डिझाइनं करायची नव्हती. मला एवढंच हवं होतं की स्लॅब ओतायच्या आधी आतलं लोखंड कसं होतं, याची नोंद राहावी. कोणाच्याही बाबतीत.

नोकरी लागली ती एका आरसीसी कन्सल्टंटच्या, म्हणजे बिल्डिंगच्या खांब-स्लॅबचा हिशेब करून देणाऱ्याच्या, ऑफिसात. तिथे एक आर्किटेक्ट भेटली. तिच्या घरी शिकलेली तिसरी पिढी, कॉलेज रोडला बंगला, आणि तरी साइटवर चप्पल हातात घेऊन चिखलातून चालणारी. आमचं पहिलं भांडण तिच्या नकाशातल्या बाल्कनीवरून झालं. सहा फूट बाहेर काढली होती.

“इतकी कशाला?” मी विचारलं.

“संध्याकाळी चहा प्यायला.”

“चार फुटांत चहा जात नाही का खाली?”

तिने ती साडेचार फुटांवर आणली आणि आमची मैत्री झाली. दोन वर्षांनी आम्ही दोघींनी नोकरी सोडली आणि आडगाव नाक्यावर पिठाच्या गिरणीच्या वरची खोली घेतली. लॅपटॉपवर रोज पिठाचा थर बसायचा. गिरणीवाले काका विचारायचे, “पोरींनो, नेमकं काय दळता वर?” आम्ही साइटसाठी ॲप करत होतो. कोडचं काम बाहेरून करून घेत होतो, डोकं आमचं.

त्या वेळी बांधकामाच्या धंद्यात नवीन काही करणाऱ्या इंजिनियर-आर्किटेक्टांचे कार्यक्रम व्हायचे, तिथे आम्ही जायचो. कोणी ड्रोन उडवायचं, कोणी चष्मा लावून न बांधलेल्या घरात फिरवून आणायचं. आमच्याकडे होते चाळीस प्रश्न. स्लॅब ओतायच्या आधी साइटच्या सुपरवायझरने मोबाइलवर चाळीस प्रश्नांची हो किंवा नाही अशी उत्तरं द्यायची. चाळीसही ‘हो’ आले की पडदा हिरवा. एक जरी ‘नाही’ आलं तर लाल, आणि कन्सल्टंटला मेसेज. मी ते प्रश्न स्वतः लिहिले होते. सगळं पुस्तक त्यात बसवलं होतं आणि मला त्या चाळीस प्रश्नांचा गर्व होता.

पहिलं काम दिलं एका शेठनी. मूळचे लासलगावकडचे, कांद्याच्या व्यापारातून बांधकामात आलेले. आमचं बोलणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. झोपले की काय, असं मैत्रिणीला वाटलं. मग म्हणाले, “कांदा आतून सडला तर वास येतो. स्लॅब आतून सडला तर वास येत नाही. बरोबर? हेच म्हणताय ना?”

“हेच, शेठ.”

“मग एवढं इंग्रजीत कशाला सांगितलं.”

आडगावला त्यांची चार मजली बिल्डिंग चालू होती. प्रत्येक मजल्याला चार बाल्कन्या. ठरलं असं की पहिल्या स्लॅबला ॲप वापरून बघायचं. नीट चाललं तर त्यांच्या सगळ्या साइट आमच्या. नाही तर चहा पिऊन राम राम.

स्लॅबच्या आदल्या दिवशी आईने हट्ट धरला की नारळ नानांच्या हातचा फुटला पाहिजे. नाना नको म्हणत होते. म्हणाले, “स्लॅबच्या दिवशी माझं काय काम?” आई म्हणाली, “लेकीचा पहिला स्लॅब हाय. जायचं.” नाना पांढरा सदरा घालून आले.

सकाळी साइटवर गडबड. जिलेबीचा पुडा आला होता. काँक्रीटचा पंप लागला होता, आणि पहिली काँक्रीटची गाडी गेटवर पोटातला हौद फिरवत उभी होती. सुपरवायझर खुर्चीत बसून मोबाइलवर अंगठा चालवत होता. मी आणि मैत्रीण जिना चढत असतानाच तिचा फोन वाजला.

“हिरवं झालं,” ती म्हणाली. “चाळीसच्या चाळीस हो.”

मला इतकं हायसं वाटलं की मी जिन्यातच थांबले. वर गेलो. नानांनी नारळ फोडला, पाणी चारी दिशांना शिंपडलं, खोबरं लोकांना वाटायला दिलं. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, ते लंगडत बाल्कनीकडे निघाले.

ते सळयांवर उभे राहिले. एक पाय, मग दुसरा.

सळया खाली गेल्या. प्लेटेला लोखंड लागल्याचा आवाज मला दहा फुटांवरून आला. नानांनी पाय उचलला, सळया थोड्या वर आल्या, पूर्ण आल्या नाहीत. ते दुसऱ्या बाल्कनीत गेले. तिथेही तसंच. तिसऱ्या बाल्कनीतही.

मी जिथे होते तिथेच उभी होते. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड. त्या सगळ्या संध्याकाळी आणि तो ‘पाय मोकळा करतोय’. खाटेखालचे तुकडेही मला त्याच क्षणी ओळखू आले. वरच्या सळया वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचा जो आधार देतात, त्याला साइटवर खुर्ची म्हणतात. फिटर खुर्च्या कमी लावतात, वेळ वाचतो. मी झोपल्यावर नाना कमी पडलेल्या खुर्च्या लावून येत होते. इतकी वर्षं.

“दबतंय,” नाना मला म्हणाले. एवढंच.

लोखंडाचा मुकादम मालेगावकडचा. तोंडाने गोड माणूस. तो हसत पुढे आला. “काका, तुमचा पाय जड हाय. टेन्शन नका घेऊ, एवढं तर चालतंच.”

“माझं वजन पंचावन्न किलो,” नाना म्हणाले. “आता वल्लं काँक्रीट पसरत तुझी सहा मानसं हितून चालतील. त्यांचं किती?”

मुकादम हसत हसतच एक पाऊल मागे सरला.

मैत्रीण माझ्या कानाशी आली. “आपलं ॲप हिरवं दाखवतंय,” ती कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता. मला ती काय म्हणत होती ते कळलं. खाली शेठ उभे होते. मी आता जाऊन स्लॅब थांबवा म्हटलं तर आमचं ॲप पहिल्याच दिवशी खोटं पडलं, असं मीच माझ्या तोंडाने सांगणार. न सांगता मुकादमाला बाजूला घेऊन चार खुर्च्या लावून घेता आल्या असत्या. पण गाडी गेटवर होती, पंपावरचा माणूस पाइप धरून उभा होता, आणि चार खुर्च्यांनी काही होणार नव्हतं. आणि नाना माझ्याकडे बघत होते. मी काय करते ते बघत होते.

मी खाली गेले. “शेठ, स्लॅब थांबवा. तीन बाल्कन्यांचं लोखंड बसलंय.”

शेठनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. “हे तर हिरवं हाय.”

“हो. चुकीचं आहे.”

“म्हणजे तुमचं ॲप चुकलं?”

“मी चुकले. मी बसून उत्तरं देता येतील असे प्रश्न विचारले.”

शेठनी गेटवरच्या गाडीकडे बघितलं. मग वर तोंड करून मुकादमाला ओरडून विचारलं, “किती टाइम?”

“दोन तास, शेठ.”

“दीड.” मग सुपरवायझरकडे वळले. “गेटवरची गाडी पार्किंगच्या कोब्याला रिकामी कर. दुसरीला सांग, दीड तासाने.” आणि मला म्हणाले, “मॅडम, जिलेबी खा. तोंड असं करून उभ्या राहू नका, गिऱ्हाईक बघतंय.”

मी वर गेले तर नाना सळयांच्या ढिगाशी उकिडवे बसून खुर्च्या वाकवत होते. फिटर लोक शेजारी बसले होते. एकजण विचारत होता, “बाबा, तुम्ही फिटर व्हता का?” नाना म्हणाले, “नाय. वॉचमन.” त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो पंगतीतल्यासारखा नव्हता.

दीड तासाने नाना चारही बाल्कन्यांत उभे राहिले. काहीच हललं नाही. मग मुकादम उभा राहिला, आणि मुकादम चांगला ऐंशी किलोचा. तो जागेवर दोनदा नाचला. “घ्या काका,” म्हणाला. “आता तुमच्या मुलीची वरात काढा हिच्यावरून.” आणि स्लॅब सुरू झाला.

संध्याकाळी काम आटोपल्यावर शेठ निघताना गाडीची काच खाली करून म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? तुमच्या ॲपपेक्षा मी तुमच्या वडिलांनाच कामावर ठेवतो. त्यांना चार्जिंग लागत नाही.”

मैत्रीण आणि मी गिरणीवरच्या खोलीत परतलो. मला वाटत होतं, संपलं. मैत्रीण खिडकीत बसून उरलेली जिलेबी खात होती. ती म्हणाली, “तो खरं बोलला.”

“माहीतय. मीठ चोळू नकोस.”

“नाही गं. नीट ऐक. नाना सगळ्या साइटवर जाऊ शकत नाहीत. पण पाय सगळ्यांना आहेत.”

त्या आठवड्यात आम्ही माझे चाळीस प्रश्न काढून टाकले. मी स्वतः काढले, एकेक वाचून. बाल्कनीसाठी एकच गोष्ट ठेवली. खालच्या प्लेटेवर खडूने तारीख आणि बाल्कनीचा नंबर लिहायचा. मग सळईवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने पायाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, खडूचे आकडे दिसतील असा. बसल्या जागी ते करताच येत नाही. व्हिडिओ कन्सल्टंटकडे जातो आणि कायमचा राहतो. चेहरा नको, सही नको, इंग्रजी तर नकोच. फिटर, सेंटरिंगवाला, वॉचमन, कोणीही पाठवू शकतो.

शेठना ते दाखवायला गेलो. त्यांनी टेबलाखाली स्वतःचे पाय बघितले आणि म्हणाले, “हे मलाबी जमंल.” दुसऱ्या मजल्यापासून ते वापरायला लागले. मुकादमाच्या माणसांनी आमच्या ॲपचं नाव ‘पायवालं’ करून टाकलं. आम्ही ठेवलेलं नाव त्याहून भारी होतं, पण ते आता कोणाला आठवत नाही.

पण माझी खरी धाकधूक वेगळीच होती. पहिल्या मजल्याच्या बाल्कन्यांचे टेकू अजून निघायचे होते. कन्सल्टंटने दिलेले दिवस पुरे झाले त्या सकाळी नाना आंघोळ करून तयार होऊन बसले आणि म्हणाले, “शेठला विचार. शेवटचा टेकू मी काढू का?”

नानांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. शेठ फोनवर म्हणाले, “विचारायचं काय त्यात.”

आई बरोबर आली, पण गेटजवळ पाठ करून उभी राहिली. म्हणाली, “मला नाय बघायचं. झालं की हाक मार.”

नानांनी सेंटरिंगच्या लोकांना बाहेरच्या टोकाकडून सुरुवात करायला लावली. बाल्कनीचे टेकू बाहेरून आत काढतात. एकेक निघत गेला. भिंतीलगतचा शेवटचा राहिला तेव्हा त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, मला दोनदा सांगितलं, “अजून मागं.” स्वतः आतल्या स्लॅबखाली उभे राहिले. अधू पाय मागे, चांगला पुढे. टेकूला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग हातोडीने खालची पाचर ठोकली.

टेकू सुटला आणि आडवा पडला. बाल्कनी होती तिथेच राहिली.

नाना वर बघत उभे होते. मग त्यांनी तळहात वर करून बाल्कनीच्या पोटाला लावला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. सेंटरिंगच्या लोकांना काय चाललंय हे माहीत नव्हतं, तरी तेही वर बघत होते.

“चौदाच रेघा व्हत्या,” नाना म्हणाले.

“हो, नाना.”

“बारा नव्हत्या.”

“नव्हत्या.”

मी आईला हाक मारली. ती वळली, आधी बाल्कनी बघितली, मग नानांना, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, “चला, जेवून घ्या. ऊन चढलं.”

आम्ही तिथेच सावलीत डबा उघडला. मैत्रीणही होती. आईने भाकरी पुढे केली तेव्हा नाना म्हणाले, “पोरी, ते भाकरीचं दाखवलं व्हतंस ना, ते परत दाखव.”

मी डब्याच्या झाकणाच्या काठावर भाकरी धरली आणि दाबली. ती वरून तडकली. नानांनी बोटाने ती भेग चाचपून पाहिली, दोन वेळा. आई म्हणाली, “बापलेकीनं अन्नाशी खेळू नका,” आणि ती भाकरी ओढून स्वतःच्या ताटात घेतली. नाना हसले. मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं सळयांवर उभं राहत होता ते मला का नाही सांगितलंत. ते म्हणाले, “काय सांगनार? मलाच ठाऊक नव्हतं. म्हनून तर बघत व्हतो, दबतंय का. दर बिल्डिंगला कुठं ना कुठं दबायचंच.”

त्या जुन्या बाल्कनीत लोखंड कुठे होतं, हे आता सिद्ध करता येणार नाही. नानांना त्याची गरज उरलेली नाही. आत्याच्या नवऱ्याने परवा एका साखरपुड्यात तोच जुना विनोद काढला, तर नाना घास गिळून शांतपणे म्हणाले, “घाईत नव्हतो, दाजी. चौदा दिवस भरले व्हते.” आणि मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारली.

शेठच्या सगळ्या साइट आमच्याकडे आल्या. त्यांच्या ओळखीने ओझरकडच्या दोन आल्या, मग आणखी काही. आम्ही गिरणीवरची खोली सोडलेली नाही. आई, नाना आणि मी एका पूर्ण झालेल्या, रंग लावलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो. आडगावच्या त्या बिल्डिंगमध्येही आता लोक राहायला आले आहेत. तिला सोळा बाल्कन्या आहेत. सोळाही जागेवर आहेत. पहिल्या चार नानांनी स्वतः उभं राहून तपासल्या, उरलेल्या बारांचे व्हिडिओ आमच्याकडे आहेत.